ट्रायब्यूटिलटिन हायड्राइड न वापरता रॅडिकल अभिक्रिया करता येतात का?

होय, येतात, आणि शक्य तिथे तसेच करावे. रॅडिकल म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेला, अतिशय क्रियाशील अणू किंवा रेणू. ट्रायब्यूटिलटिन हायड्राइड हे कथिलाचे संयुग कार्बन-ब्रोमीन बंध सहज तोडून रॅडिकल तयार करते, परंतु ते किमान सममोल प्रमाणात (मूळ पदार्थाच्या रेणूंइतक्याच संख्येने) लागते, विषारी असते आणि त्याचे अवशेष शुद्धीकरणानंतरही उत्पादितात चिकटून राहतात. औषधनिर्मितीत हा दोष चालवून घेता येत नाही. ट्रिस(ट्रायमिथिलसिलिल)सिलेन हे सिलिकॉनचे संयुग हा त्याला कमी विषारी पर्याय आहे, मात्र तेही सहसा सममोलच लागते.

खरा पालट प्रकाश-रेडॉक्स उत्प्रेरणाने, म्हणजे प्रकाशाच्या ऊर्जेवर इलेक्ट्रॉन देणाऱ्या-घेणाऱ्या उत्प्रेरकांनी, घडवला. 2008 मध्ये निसेविच आणि मॅकमिलन या रसायनशास्त्रज्ञांनी अल्डिहाइडच्या अल्किलीकरणात (त्याला कार्बनचा गट जोडताना) दाखवले की, रुथेनियमचे बायपिरिडीन संकुल दृश्य प्रकाश शोषून एकेका इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करते, त्यातून खोलीच्या तापमानालाच ब्रोमाइडपासून रॅडिकल तयार होतो आणि संकुल पुन्हा मूळ स्थितीत येते. म्हणूनच ते 0.5 मोल टक्के (दर 200 रेणूंमागे एक) इतके पुरते.

रुथेनियम दुर्मीळ आणि महाग असल्याने इओसिन वाय यासारखे धातुविरहित सेंद्रिय रंजक मला अधिक आश्वासक वाटतात. तथापि नुसता उत्प्रेरक बदलून भागत नाही. क्षपणासाठी (इलेक्ट्रॉन पुरवण्यासाठी) भरपूर अमाइन आणि द्रावक म्हणून डायक्लोरोमिथेन वापरले, तर पद्धत उत्प्रेरकी असूनही कचरा फारसा घटत नाही, हे पद्धत निवडतानाच तपासावे.