'पॅराडॉक्स'ला सरसकट 'विरोधाभास' म्हणावे का?

प्रश्न असा आहे : तर्कशास्त्रातल्या 'पॅराडॉक्स'ला, म्हणजे पटणाऱ्या पायऱ्यांनी न पटणाऱ्या निष्कर्षाला नेणाऱ्या मांडणीला, मराठीत 'विरोधाभास' म्हणावे की 'वदतोव्याघात' (स्वतःचेच बोलणे खोडणारे विधान)?

'विरोधाभास' आला अलंकारशास्त्रातून. विरोध दिसतो, पण नीट पाहिले की मावळतो. शब्दातच 'आभास' आहे. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ झेनोच्या अकिलीस आणि कासवाच्या शर्यतीला तो चपखल बसतो. अकिलीस कासवाच्या जागी पोचेपर्यंत ते थोडे पुढे सरकलेले असते, म्हणून तो त्याला कधीच गाठणार नाही, असे झेनो म्हणतो. कासवाला १०० मीटरची आघाडी, अकिलीसचा वेग दहापट. १००, १०, १, ०.१... टप्पे संपत नाहीत, पण बेरीज १११ मीटर आणि वर एक नवमांश एवढीच भरते. तिथे कासव गाठले जाते. टप्पे अनंत म्हणजे अंतरही अनंत, हे गृहीतकच चुकलेले होते.

'हे वाक्य खोटे आहे' याचे तसे होत नाही. खरे धरा, तर ते म्हणते तसे, म्हणजे खोटे. खोटे धरा, तर त्याचे म्हणणे बरोबर, म्हणजे खरे. यात आभास कसला? 'ना खरे, ना खोटे' असा तिसरा कप्पा काढला, तर 'हे वाक्य खरे नाही' हे वाक्य अडवते : त्या कप्प्यातले वाक्य खरे नसतेच, आणि ते नेमके तेच सांगते. तर्कशास्त्रज्ञ टार्स्कीचा तोडगा असा, की एका भाषेतल्या वाक्यांना 'खरे' म्हणायचे ते वरच्या पातळीच्या भाषेतूनच. पेच सुटतो, पण रोजच्या मराठीत अशा पातळ्या कोण पाळतो? संस्कृत वैयाकरण भर्तृहरीने 'वाक्यपदीय' या ग्रंथात 'सर्वं मिथ्या ब्रवीमि', म्हणजे मी बोलतो ते सगळे खोटे, हे वाक्य घेतले आहे. बोलणाऱ्याला ते स्वतःच्या वाक्याला लावायचेच नसते, असे तो म्हणतो. व्यवहारात पटण्यासारखे आहे; मात्र 'हे वाक्य' असे स्वतःकडेच बोट असले की ही वाट बंद.

'वदतोव्याघात' निराळा. 'यावज्जीवमहं मौनी', म्हणजे मी जन्मभर मौनी आहे, हे तोंडाने सांगणे. वाक्य सरळ खोटे, विषय संपला. 'सगळे क्रीटवासी नेहमी खोटे बोलतात' हे ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्याच एपिमेनिडीसचे वाक्यही खोटे मानले की भागते. एखादा क्रीटवासी कधीतरी खरे बोलला, एवढेच निघते. खऱ्या पेचाचे उदाहरण म्हणून हेच वाक्य सर्रास देतात, ते चूक.

तेव्हा झेनोसाठी 'विरोधाभास' ठेवावा आणि 'हे वाक्य खोटे आहे' यासाठी, तसेच गणिताला तर्कशास्त्राचा पाया देऊ पाहणाऱ्या फ्रेगेची मांडणी १९०२ मध्ये हादरवणाऱ्या रसेलच्या संचासाठी (स्वतःचे घटक नसलेल्या सगळ्या संचांचा संच), 'तार्किक पेच' म्हणावे. सरळ 'पॅराडॉक्स' लिहिले तरी बिघडत नाही. टंचाईच्या गावात टँकरने लॉन भिजवले की बातमीत 'केवढा हा विरोधाभास' असे येते, तिथे मात्र 'विसंगती' हवे.