राऊटर पुण्यात, पत्ता नाशिकचा

प्रश्न : महिन्यापूर्वी नाशिकहून पुण्यात शिफ्ट झालो, राऊटर नि एक्स्टेंडर (वायफाय पुढच्या खोल्यांत पोचवणारा डबा) तेच आणले. बिल्डिंग नवीन, मजल्यावर आम्हीच पहिले. तर पहिले काही दिवस घरात मॅप उघडला की निळा ठिपका थेट नाशिकच्या जुन्या सोसायटीत! खाली पार्किंगमध्ये गेलं की पुणे. हे काय गौडबंगाल? आणि आमचं वायफाय जातं तरी कुठवर?

उत्तर : गौडबंगाल कसलं, तुमच्या राऊटरनंच चुगली केली. तो सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथंय’ म्हणून ओरडतो, त्यात त्याचा ठराविक नंबर असतो, ऐकायला पासवर्ड लागत नाही. येणारे-जाणारे फोन तो नंबर ऐकतात आणि सोबत स्वतःचं जीपीएस लोकेशन जोडून गूगल-ॲपलकडे पाठवतात, म्हणजे त्यांच्या वहीत तुमचा नंबर अजून नाशिकलाच होता. स्लॅबखाली जीपीएस धड मिळेना, आजूबाजूला दुसरं वायफाय नाही, मग फोननं वही उघडली न् झालं.

गंमत म्हणजे त्या वहीत ऐकणारा कुठं उभा होता ते असतं, राऊटर कुठंय ते नसतं, ते नंतर अंदाजानं काढतात. रस्ता बिल्डिंगच्या एकाच बाजूला असला की ठिपका हमखास रस्त्याकडे सरकतो. दाट वस्तीत वीस-तीस मीटरपर्यंत बरेचदा जमतं, पण मजला कुठला ते विचारू नका.

आता कुठवर जातं? मोकळ्या मैदानात २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालणारं शंभरेक मीटर सहज, घरात मात्र दोन आरसीसी भिंती, मध्ये पाण्याची टाकी नाहीतर कपाटाचा मोठा आरसा आला की दम संपला, आणि ५ गिगाहर्ट्झवालं तर त्याआधीच बसतं. पार्किंगमध्ये दोन काड्या दिसतात पण पेज उघडत नाही ना? राऊटरचा आवाज फोनपर्यंत येतो, फोनचा बारीक आवाज वर पोचत नाही. नाहीतर व्हेनेझुएलात २००७ साली एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी डोंगरमाथ्यांवर मोठे अँटेना लावून वायफाय ३८२ किलोमीटरवर पोचवलं होतं! मध्ये भिंत नव्हती एवढंच (आणि आपल्यासारखा शोकेसच्या मागं कोंबलेला राऊटरही).

वहीत नावच नको असेल तर वायफायच्या नावाशेवटी अंडरस्कोर टाकून इंग्रजी स्मॉल अक्षरांत ‘नोमॅप’ (_nomap) जोडा, गूगल ते पाळतं. फक्त नाव बदललं की घरातले सगळे फोन, टीव्ही परत जोडत बसावं लागेल.