ताळेबंद चांगला, आलेख मात्र घसरता

प्रश्न : मी दीर्घ मुदतीसाठी, ताळेबंद पाहूनच शेअर निवडतो. सध्या नजरेत असलेल्या कंपनीवर कर्ज कमी आहे, नफा वाढतो आहे आणि पी/ई गुणोत्तर (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) तिच्याच गेल्या काही वर्षांच्या सरासरीपेक्षा खाली आहे. भाव मात्र गेल्या २०० दिवसांच्या बंद भावांच्या सरासरीखाली जाऊन घसरतोच आहे. खरेदी करावी, की आलेख सुधारण्याची वाट पाहावी?

उत्तर : कोणती कंपनी घ्यायची आणि तिच्यासाठी जास्तीत जास्त किती भाव मोजायचा, हे मूलभूत विश्लेषणाने, म्हणजे कंपनीचे हिशेब आणि व्यवसाय तपासून ठरते, त्या मर्यादेच्या आत केव्हा आणि किती टप्प्यांत घ्यायचे, एवढ्यापुरताच तांत्रिक विश्लेषणाचा, म्हणजे भावाच्या आलेखाच्या अभ्यासाचा आधार घ्यावा. म्हणून मर्यादा आधी लिहून ठेवावी आणि आलेख नंतर उघडावा. हा क्रम उलटला, की चढत्या आलेखाला साजेसे आकडे शोधण्याचा मोह आवरत नाही.

घसरता आलेख दिसला, की पुन्हा ताळेबंदाकडेच वळावे. संपूर्ण बाजार किंवा ते क्षेत्रच पडत असेल तर गोष्ट वेगळी. पण एकटीच कंपनी पडत असेल, तर जाहीर निकालांत अजून न उतरलेले काहीतरी बाजाराने हेरलेले असू शकते. नफ्याच्या जोडीने कामकाजातून येणारी रोकड वाढते आहे का, आणि ग्राहकांकडील येणी विक्रीपेक्षा वेगाने फुगत आहेत का, हे तपासावे. पोलादासारख्या तेजी-मंदीच्या चक्रात फिरणाऱ्या उद्योगांत तर कमी पी/ई हीच धोक्याची खूण ठरू शकते, कारण चक्राच्या शिखरावर नफा सर्वाधिक असतो, पुढच्या मंदीच्या धास्तीने भाव मात्र आधीच उतरू लागतो आणि शेअर कागदावर स्वस्त दिसतो.

या तपासणीत खोट आढळली नाही, तर ठरवलेल्या रकमेचा लहान हिस्सा आता गुंतवावा. उरलेली खरेदी भावाने नवे नीचांक करणे थांबवून, शेअरच्या खरेदी-विक्रीच्या वाढत्या उलाढालीसह, आठवड्याचा बंद भाव २०० दिवसांच्या सरासरीवर दिल्यानंतर करावी. ही सरासरी भावाच्या मागून चालत असल्यामुळे तळाचा भाव हातचा जाईल, पण तो नेमका साधण्याचा हट्ट तसाही महागात पडतो. भाव तोवर तुमच्या मर्यादेपलीकडे गेला, तर खरेदी सोडून द्यावी. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेला आरएसआय (भावाच्या चढ-उताराचा जोर ० ते १०० मध्ये मोजणारा निर्देशांक) ३० च्या खाली, म्हणजे शेअर प्रमाणाबाहेर विकला गेल्याची खूण मानल्या जाणाऱ्या पातळीवर आला, एवढ्यावरून मात्र घाई करू नये. जोरदार घसरणीत तो दीर्घकाळ खालीच रेंगाळू शकतो.

विक्रीचा निकषही खरेदीच्या वेळीच ठरवावा. आलेख पाहून घेतलेला शेअर स्टॉप लॉसच्या, म्हणजे तोटा रोखण्यासाठी आधीच ठरवलेल्या विक्रीच्या भावाच्या खाली गेल्यावर त्याला दीर्घ मुदतीची गुंतवणूक म्हणणे, ही निव्वळ पळवाट आहे.

आलेख शेअर विभाजनानुसार सुधारलेला आहे ना, हेही पाहून घ्यावे. एकाचे दोन शेअर झाल्यावर न सुधारलेल्या आलेखात भाव निम्म्यावर कोसळल्यासारखा दिसतो आणि २०० दिवसांची सरासरी पुढचे कित्येक महिने चुकीची निघते.