गाड्यांचं स्प्रे पेंटिंग शिकतोय. रोबो आल्यावर या कामाला भवितव्य आहे का?

तुम्ही लिहिलंय की प्रशिक्षणाचे शेवटचे सहा महिने उरलेत. कारखान्यात रोबो गाड्या रंगवतात ते व्हिडिओ घरच्यांनी पाहिले आणि ‘हे काम आता संपलंच’ असं ते म्हणायला लागलेत, त्यामुळे तुमचं मन डळमळलंय. मी चार वर्षं कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये होतो आणि त्यानंतरची एकोणीस वर्षं अपघाताच्या गाड्या रंगवतोय, म्हणून दोन्हीकडचं सांगू शकतो.

कारखान्यातलं हाताने स्प्रे मारायचं काम डोळ्यांसमोर ठेवून शिकत असाल, तर घरच्यांचं बरोबर आहे. फक्त ती गोष्ट आजची नाही. नॉर्वेतली ट्राल्फा नावाची कंपनी हातगाडे बनवायची आणि ते रंगवण्यासाठी तिने स्वतःचा रोबो तयार केला. १९६९ पासून तो इतरांना विकायलाही सुरुवात झाली. म्हणजे रोबोने सगळ्यात आधी जी कामं घेतली त्यात रंगकाम होतं, आणि ते योग्यच झालं. धुक्यासारख्या उडणाऱ्या रंगात दिवसभर उभं राहणं माणसाच्या शरीराला झेपणारं नाही.

आज कारखान्यातल्या रोबोच्या टोकाला आपल्यासारखी गन नसते. तिथे मिनिटाला हजारो फेरे घेणारी घंटेच्या आकाराची वाटी असते. रंगाच्या थेंबांना उच्च दाबाचा विद्युतभार दिलेला असतो, त्यामुळे ते पत्र्याकडे ओढले जातात आणि वाया जाणारा रंग खूप कमी होतो. मी लाइनवर होतो तेव्हा दाराच्या आतल्या कडा आणि बॉनेटखालचा भाग आम्ही हाताने मारायचो. पुढे तिथेही रोबो आले. आता तर प्रिंटरसारखे बारीक फवारे सोडून, मास्किंग (बाकीचा भाग कागद-टेपने झाकणं) न करता दोन रंगांचं छप्पर रंगवणारी यंत्रंही आहेत. तिथे माणूस उरला आहे तो दोष शोधायला, पॉलिश करायला, रोबोच्या हाताची वाट ठरवायला आणि रंग बिघडला की कारण हुडकायला. या शेवटच्या कामाला जुना पेंटर लागतो, कारण खड्डे कशाने पडले, ओघळ का आला, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा का झाला, हे त्याने स्वतः चुकून शिकलेलं असतं.

दुरुस्तीचं काम मात्र मुळातच वेगळं आहे. कारखान्यात रोबोसमोर नुसता पत्र्याचा सांगाडा येतो. तो रोज त्याच जागी, त्याच मापात उभा असतो, आणि रंग मारल्यावर सुमारे १४० अंशाला भाजता येतो. आपल्याकडे येते ती वायरी, काचा, प्लास्टिक, सीट सगळं बसवलेली गाडी. तिला एवढी उष्णता देता येत नाही. म्हणून हार्डनर (रंग कमी उष्णतेत कडक करणारं रसायन) मिसळलेला रंग वापरून साधारण ६० अंशात अर्धा तास ठेवतात. आणि कुठल्याही दोन गाड्या सारख्या ठोकलेल्या नसतात. एकीचा पत्रा ताणलेला, दुसरीवर आधीच कुणीतरी पुट्टीचे थर चढवलेले, तिसरीच्या खालून गंज.

दिवसभरात गन हातात असते तो वेळ खरं तर थोडाच असतो. एका दाराचा रंग आणि त्यावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर, मारायला, मधला सुकायचा वेळ धरूनही, तास पुरतो. त्याआधी पुट्टी बसवणं, ८० नंबरच्या पेपरपासून ५००-६०० पर्यंत चढत जाणं, कड बोटाला लागणार नाही इतकी विरवणं, प्रायमर, मास्किंग, तेलकटपणा काढणं, यात दिवस जातो. मोठ्या सपाट भागांचं घासकाम करणारे रोबो आहेत. पण कड कुठे संपली हे तळव्याला जसं कळतं, तसं कळणारं यंत्र मी अजून कामाच्या जागी पाहिलेलं नाही.

मग शेडचं काय? एकाच रंगाच्या कोडच्या दोन गाड्या सारख्या दिसत नाहीत, आणि उन्हात काही वर्षं उभी राहिलेली तिसरी तर नाहीच. रंग वेगवेगळ्या कोनांतून मोजणारं यंत्र आता हातात मावतं, ते सर्वांत जवळचं सूत्र शोधून देतं, आणि स्वतः वजन करून रंग मिसळणारी यंत्रंही आली आहेत. ती वापरायला शिकाच. पण एक प्रसंग सांगतो. चंदेरी मेटॅलिक गाडीचं एक दार मी रंगवलं. यंत्राचं सूत्र अगदी बरोबर होतं. मी गन जवळ धरली आणि थर ओले मारले. ओल्या थरात धातूचे कण वेगळे बसतात आणि रंग गडद दिसतो. बूथच्या, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीच्या, उजेडात ते माझ्या लक्षात आलं नाही. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मालकाने गाडी पाहिली आणि दार परक्या गाडीचं वाटायला लागलं. मला ते पुन्हा घासावं लागलं. या वेळी आधी नमुन्याच्या पट्टीवर मारून, ती उन्हात नेऊन फिरवून पाहिली, आणि शेजारच्या दोन्ही पॅनलवर रंग विरवत नेला. तेव्हापासून पट्टी मारल्याशिवाय मी मेटॅलिकला हात लावत नाही. तुम्हाला पगार मिळणार आहे तो या नजरेचा.

तरीही काळजीचं काही नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या मते दुरुस्तीच्या पेंटरला खरा फटका रोबोपेक्षा दुसरीकडून बसेल. आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्यांमुळे छोट्या धडका कमी होतात. रंगाला धक्का न लावता आतून खळगा काढणारे कारागीर वाढलेत. आणि सेन्सर इतके महाग झालेत की दुरुस्त होण्यासारखी गाडीही विमा कंपनी भंगारात काढते. काम आटलं की जो फक्त पेपर घासतो किंवा फक्त एकरंगी गाड्या मारतो, त्याला आधी घरी बसवतात.

याच नव्या गाड्यांनी नवी कामंही आणलीत. बंपरमागे ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारा रडार असतो. त्याच्या समोरच्या भागावर रंगाचे जास्तीचे थर चढले, पुट्टी लागली किंवा धातूचे कण जास्त असलेला रंग बसला, तर त्याच्या लहरी अडतात. म्हणून तिथे किती जाडी चालेल, पुट्टी लावायची की नाही, याचे नियम कंपन्या देतात. विजेच्या गाडीला बॅटरीमुळे किती तापवायचं यावर मर्यादा असते, त्यामुळे कमी तापमानात सुकणारे क्लिअर आणि अतिनील दिव्याखाली सुकणारे प्रायमर उपयोगी पडतात. कंपनीचा कागद वाचून त्याप्रमाणे काम करणारा पेंटर मिळणं आज अवघड आहे. तुम्ही तो व्हा.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे. माझ्या ओळखीच्या ज्या तीन पेंटरांचं काम सुटलं, त्यातल्या दोघांचं फुप्फुसांमुळे सुटलं. तिघातल्या एकाचंही रोबोमुळे नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की नंतर अगदी थोड्या वाफेनेही छाती भरून येते. मग या धंद्यात परत येता येत नाही. वासावर भरवसा ठेवू नका, वास येईपर्यंत प्रमाण धोक्याच्या पुढे गेलेलं असतं. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून अशी रसायनं कामात वापरण्याआधी प्रशिक्षण सक्तीचं आहे. दोघांतला एक माझ्याहून चांगला पेंटर होता. बूथमध्ये तो कापडी रुमाल बांधून उभा राहायचा, आणि मीही त्याला कधी अडवलं नाही. ते मला आजही सलतं.

उरलेल्या सहा महिन्यांत मोत्यासारखी झाक असलेले तीन थरांचे रंग आणि पॅनलवर रंग विरवणं, या दोन गोष्टी जितक्या वेळा मारता येतील तितक्या मारा. पाण्यावर आधारलेल्या बेस कोटचा, म्हणजे क्लिअरखालच्या रंगाच्या थराचा, हात बसवा. युरोपात २००७ पासून रंगातल्या विद्रावकावर (सॉल्व्हंटवर) घातलेल्या मर्यादेमुळे दुरुस्तीत तोच रूढ झाला, आणि तो सुकवायची रीत वेगळी आहे. संधी मिळाली तर रोबोच्या प्रोग्रामिंगचा छोटा अभ्यासक्रमही करा. ट्रेन, बस, विमानं रंगवणाऱ्यांकडेही चौकशी करा. तिथे भाग मोठे आणि संख्या कमी असते, त्यामुळे हाताचं काम अजून बरंच आहे.

नोकरीसाठी वर्कशॉप बघायला जाल तेव्हा पगार विचारण्याआधी बूथमध्ये जा. बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क तिथे खुंटीला टांगलेला आहे का आणि तो वापरातला दिसतो का, ते पाहा. नसेल तर तिथे थांबू नका.