प्रौढत्वाचे सर्व हक्क आणि जबाबदाऱ्या एकाच वयात मिळाव्यात का, आणि ते वय कोणते असावे?

एकच वय ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकच वय असले की कायदा सोपा राहतो, असे म्हटले जाते. तो सोपा राहतो खरा, पण खिडकीच्या आत बसलेल्या माणसासाठी. बाहेर उभ्या असलेल्याला तो कसा भेटतो, हे मी सतरा वर्षे आठ महिन्यांची असताना एका रुग्णालयात अनुभवले आहे, आणि ती रात्र सांगितल्याखेरीज मला या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

वडील नव्हते. आईच्या हृदयाची झडप बदललेली होती आणि त्यामुळे तिला रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागे. ही गोळी ज्यांच्या घरात आहे त्यांना वेगळे सांगायला नको की, तिचे प्रमाण रक्ततपासणी पाहून सतत बदलावे लागते; कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते आणि जास्त झाली तर रक्तस्राव थांबत नाही. पंधराव्या वर्षापासून त्याची वही मी ठेवत होते. पहिल्या रकान्यात तारीख, मग आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या तपासणीचा आकडा, मग गोळीचे प्रमाण, आणि शेवटी त्या आठवड्यात दिलेले दुसरे कोणतेही औषध, कारण काही प्रतिजैविकांनीही तो आकडा चढतो. ज्या दिवशी अर्धी गोळी द्यायची, त्या दिवसापुढे मी अर्धे वर्तुळ काढत असे.

एका संध्याकाळी आई पाय घसरून पडली आणि तिच्या डोक्याला मार लागला. तासाभरात ती असंबद्ध बोलू लागली आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत हाकेला ओ देईनाशी झाली. मेंदूभोवती रक्त साचल्याचे स्कॅनमध्ये दिसले. शेवटची गोळी कधी घेतली, किती घेतली, शेवटचा आयएनआर किती होता, झडप कोणत्या प्रकारची आहे, हे सगळे डॉक्टरांनी मला विचारले. मी वही उघडून सांगत गेले आणि ते केसपेपरवर लिहीत गेले. 'माहिती देणाऱ्याचे नाव' या ओळीत त्यांनी माझे नाव घातले, पुढे नाते म्हणून 'मुलगी' लिहिले. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला शस्त्रक्रियेचे संमतिपत्र छापलेले होते. तिथे आल्यावर त्यांनी माझे वय विचारले, आणि ते ऐकून पेनाला टोपण लावले.

काका चार तासांनी पोहोचले. तोवर रक्ताची गोठण्याची शक्ती परत आणण्याचे उपचार सुरू झाले होते, पण शस्त्रक्रिया थांबलेली होती. डॉक्टरांनी काकांना खोलीत नेले आणि मला बाहेर बाकावर बसायला सांगितले. काका सही करून बाहेर आल्यावर मी त्यांना विचारले की, गोळी किती दिवस बंद राहणार आणि त्या काळात झडपेवर गुठळी होण्याचा धोका डॉक्टरांनी सांगितला का. ते म्हणाले, "डॉक्टर करतील ते बरोबरच करतील. तू आता शांत बस."

आई वाचली. घरी सोडताना गोळी पुन्हा कधी सुरू करायची, कोणती लक्षणे दिसली तर रात्री-अपरात्री घेऊन यायचे, हे सगळे मात्र मलाच समजावून सांगण्यात आले, कारण काका आदल्या दिवशीच परतले होते. पाच महिन्यांनी तिला पुन्हा दाखल करावे लागले, तेव्हा माझी अठरा वर्षे पूर्ण झाली होती. कागद पुढे आला आणि मी सही केली. मला त्यातले काय कळले आहे, हे या वेळी कोणी विचारले नाही आणि त्या रात्रीही विचारले नव्हते. दोन्ही वेळा पाहिली गेली ती केवळ जन्मतारीख.

म्हणून वयाच्या आकड्याच्या आधी प्रश्न असा विचारला पाहिजे की, ज्या बाबतीत कायदा एखाद्यावर भार टाकतो, त्याच बाबतीत त्याला बोलण्याचा हक्क त्याच दिवशी देतो का. अमेरिकेत अठराव्या वर्षी सक्तीने सैन्यात भरती करून व्हिएतनामला पाठवत, पण बहुतेक राज्यांत मत देता येई ते एकविसाव्या वर्षी. ही विसंगती इतकी उघड झाली की १९७१ मध्ये राज्यघटनेत २६ वी दुरुस्ती करून मतदानाचे वय १८ करावे लागले. भारतात १८७५ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होत असे, तरी मताचा अधिकार अठराव्या वर्षी आला तो ६१ व्या घटनादुरुस्तीनंतर, १९८९ मध्ये. आणि २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी, प्राथमिक मूल्यांकनानंतर, प्रौढासारखा खटला चालू शकतो. शिक्षेपुरते प्रौढ आणि मतापुरते अजाण, ही मांडणी मला अन्यायाची वाटते.

एकच आकडा कोणी प्रामाणिकपणे पाळतही नाही. जपानने एप्रिल २०२२ मध्ये सज्ञानतेचे वय २० वरून १८ वर आणले, पण दारू आणि तंबाखूसाठी २० च ठेवले. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये मतदान १६ वर आणले. यामागे कारणही आहे. शांतपणे, सल्ला घेऊन, वेळ हाताशी असताना विचार करण्याची क्षमता सोळाच्या आसपास प्रौढांच्या जवळ पोहोचते. मित्रांच्या घोळक्यात किंवा भावनेच्या भरात स्वतःला आवरण्याची क्षमता मात्र विशीत जाईपर्यंत पक्की होत राहते, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात. मत देणे आणि उपचार समजून घेणे पहिल्या प्रकारात मोडते, भरधाव वाहन आणि दारू दुसऱ्या.

काकांचे म्हणणेही इथे मांडले पाहिजे, कारण मी गेली कित्येक वर्षे त्यालाच उत्तर देत आले आहे. ते म्हणतात, "सही म्हणजे नुसता हक्क नव्हे. त्या रात्री वहिनी गेल्या असत्या, तर 'मी सही केली' हे तुला जन्मभर वागवावे लागले असते. कायद्याने तुला त्यातून वाचवले." हा युक्तिवाद हलका नाही. अठरा पूर्ण न झालेल्या, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'अज्ञान' व्यक्तीने केलेला करार कायदा तिच्यावर बंधनकारक मानत नाही, तोही याच भावनेतून, आणि ते संरक्षण काढून टाका असे मी म्हणणार नाही. पण काकांना एक गोष्ट दिसत नाही. तो भार माझ्यावर आधीच होता. आई गेली असती, तर आदल्या आठवड्यात मी अर्ध्या गोळीऐवजी पूर्ण गोळी दिली होती का, हे मी जन्मभर तपासत बसले असते. संरक्षणाच्या नावाखाली मला मिळाला तो फक्त बाक.

दोन गोष्टी उशिरा सांगते आहे, पण सांगायला हव्यात. रुग्ण बेशुद्ध असेल आणि जीव वाचवण्यासाठी उपचार तातडीचे असतील, तर संमतीवाचूनही डॉक्टर ते करू शकतात. तेव्हा त्या रात्रीचा सगळा दोष वयाच्या कायद्यावर टाकणे बरोबर नाही. शिवाय ठरलेल्या वयाचा एक मोठा गुण असा की, ते तोंड पाहून बदलत नाही. प्रत्येकाची समज तपासत बसलो, तर नीट बोलता येणारी, शिकलेल्या घरची मुले आधी उत्तीर्ण होतील.

आकडेच हवे असतील, तर मतदानासाठी आणि स्वतःच्या उपचारांसाठी १६, करार, विवाह आणि कर्जासाठी १८, दारूसाठी त्याहून पुढे, असे मी म्हणेन. दुसऱ्याच्या वतीने सही करण्यासाठीही १८ राहू द्यावे. इतके मी आता काकांचे मान्य करते. पण इंग्लंडच्या २००५ च्या मानसिक क्षमता कायद्यात स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या रुग्णाविषयी ठरवताना त्याची काळजी घेणाऱ्याचे मत शक्य तिथे विचारात घ्यावे, असे म्हटले आहे, आणि त्या काळजी घेणाऱ्याला वयाची अट घातलेली नाही. तसे आपल्या संमतिपत्रावर एक ओळ वाढवावी: रुग्णाची रोजची काळजी कोण घेते, आणि धोके समजावून सांगताना ती व्यक्ती खोलीत होती का. त्या रात्री ती ओळ असती, तरी सही काकांनीच केली असती, पण वही घेऊन मी आत असते.