नवरा अमेरिकेत, फाईल चालू: सुट्टीत जाऊन येऊ का?

प्रश्न: मी उदगीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नवरा अमेरिकेचा नागरिक, न्यू जर्सीत असतो. लग्न लातूरला झालं, नोंदणीही केली. त्यांनी माझ्यासाठी आय-१३० (बायकोला कायमचं तिकडे नेण्यासाठीची पिटिशन) भरलाय, निकाल यायचाय. उन्हाळी सुट्टीत महिनाभर त्यांच्याकडे जाऊन यायचं आहे. इथला एक एजंट म्हणतो, 'व्हिसा कशाला? ऑनलाइन एस्टा काढून देतो. नाहीतर टुरिस्ट व्हिसा मागू, आय-१३० चं नावच काढायचं नाही.' काय करू?

उत्तर: ताई, या एजंटला लांबूनच नमस्कार करा. एस्टा ही प्रवासाची परवानगी ब्रिटन, फ्रान्स, जपान अशा अमेरिकेने ठरवलेल्या देशांच्या नागरिकांसाठी आहे. ते तेवढ्यावर ९० दिवसांपर्यंत राहू शकतात. भारत त्या यादीत नाही. नवरा अमेरिकन असला तरी पासपोर्ट तुमचा बघतात. मग हा गृहस्थ पैसे कशाचे मागतोय, ते त्यालाच विचारा.

तुम्हाला लागेल बी-२, म्हणजेच टुरिस्ट व्हिसा. आय-१३० चालू असताना तो मागायला बंदी नाही. अडचण वेगळी आहे. तिथल्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २१४(बी) पर्यटक म्हणून येणारा माणूस तिथेच राहणार असं धरून चालतं. तसं नाही हे अर्जदाराने पटवायचं. तुमच्या बाबतीत तर नवऱ्यानेच तुम्हाला कायमचं न्यायचंय असं लिहून दिलंय. त्यामुळे नकाराची तयारी ठेवूनच जा. १८५ डॉलर फी परत मिळत नाही.

तुमची जमेची बाजू म्हणजे नोकरी. परदेशी जायला खात्याची परवानगी तशीही लागतेच. अर्ज मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी असा वर सरकतो आणि कुठल्या टेबलावर किती दिवस बसतो, हे तुम्ही मला सांगाल. म्हणून आत्ताच द्या. जाण्या-येण्याच्या तारखा असलेलं परवानगीपत्र आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आतलं परतीचं नियोजन, एवढं हातात असू द्या. वडिलांच्या सातबाऱ्यांचा गठ्ठा नेऊ नका. मुलाखत दोन-चार मिनिटांत आटोपते, गठ्ठा बहुधा कोणी उघडतही नाही.

आता खरी धोक्याची जागा. डीएस-१६० या व्हिसा अर्जाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये सरळ विचारलेलं असतं: तुमच्यासाठी कोणी इमिग्रेशनची पिटिशन भरली आहे का? तिथे 'हो'च लिहायचं. आय-१३० त्यांच्याच सरकारकडे आहे, लपवून लपणार नाही. खोटं सापडलं तर प्रवेशबंदी आयुष्यभराची. तिच्यातून सूट मागता येते, पण तो वेगळा अर्ज, वेगळा खर्च, आणि मिळेलच असं नाही. उलट खरं सांगून बी-२ नाकारला गेला, तर तेवढ्याने आय-१३० ला धक्का लागत नाही.

व्हिसा मिळाला तरी किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवरची तारीख बघून ठेवा. तिथे कोणीतरी मावसभाऊ म्हणेलच, 'आता आलीच आहेस तर इथूनच ग्रीन कार्डचा अर्ज टाक.' नागरिकाच्या बायकोला काही परिस्थितीत तसं करता येतं, हे खरं. पण मुलाखतीत परत येते म्हणून सांगायचं आणि मनात मुक्कामाचा बेत ठेवायचा, ही फसवणूकच धरली जाते. शिवाय इथली नोकरी गैरहजेरीत जाईल ती वेगळीच.

माझं मत विचाराल तर यंदा जावईबापूंनाच उदगीरला बोलवा. किंवा दोघं दुबईत भेटा. तिकिटं, फोटो, हॉटेलची बिलं जपून ठेवा. पुढे मुंबईच्या वकिलातीत इमिग्रंट व्हिसाची मुलाखत होईल, तेव्हा संसार खरा असल्याचा पुरावा म्हणून ती उपयोगी पडतात.

आणि एक. एजंटने तुमच्या नावाने डीएस-१६० आधीच भरला असेल, तर त्याची प्रत मागून पिटिशनच्या प्रश्नाचं उत्तर स्वतः वाचा. 'नाही' लिहिलं असेल तर त्या फॉर्मवर मुलाखतीला जाऊ नका. खरी माहिती देऊन नवा फॉर्म भरा आणि अपॉइंटमेंटला त्याचाच क्रमांक जोडा.