रोटरी इंजिन लवकर खराब होतं आणि प्रदूषण जास्त करतं, हे खरं आहे का?

हो, दोन्ही खरं आहे. टिकाऊपणाची अडचण रोटरच्या, म्हणजे पिस्टनऐवजी आत फिरणाऱ्या तिकोनी भागाच्या, तीन टोकांवरच्या सीलची. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला सपाट टेकून राहतात. इथे मात्र एक बारीक पट्टी भिंतीवर घासत फिरते आणि तिचा कोन सतत बदलत असतो. तिला वंगण मिळावं म्हणून इंजिन मुद्दामच थोडं ऑइल आत सोडतं आणि ते पेट्रोलबरोबर जळून जातं. ऑइलची पातळी बघायला विसरलात की सील झिजतं, कॉम्प्रेशन (आतला दाब) जातं आणि गरम इंजिन पुन्हा चालू व्हायला कुरकुर करतं. १९६७च्या एनएसयू आरओ ८० या जर्मन गाडीचं नाव प्रामुख्याने याच सीलमुळे खराब झालं.

प्रदूषणाचं कारण ज्वलनकक्षाचा आकार. तो लांबट, चपटा आणि शिवाय सरकता! ज्वाला कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही आणि न जळलेलं पेट्रोल तसंच एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. नायट्रोजन ऑक्साइड्स मात्र तुलनेने कमी निघतात, हे लोक सांगत नाहीत. माझदाने आरएक्स-८ या रोटरी गाडीमध्ये एक्झॉस्टची तोंडं बाजूच्या भिंतीत नेऊन बरीच सुधारणा केली, तरी युरोपच्या युरो ५ प्रदूषण नियमांपुढे ती २०१०मध्ये तिथल्या बाजारातून गेली. २०१२मध्ये उत्पादनही थांबलं.

हे सगळं चाकं फिरवणाऱ्या इंजिनाबद्दल. माझदाच्याच २०२३च्या एमएक्स-३० आर-ईव्ही या विजेवर चालणाऱ्या गाडीमध्ये ८३० सीसीचा एकच रोटर फक्त जनरेटर चालवतो. तिथे लहान आकार आणि कमी थरथर कामी येते.